परीक्षा आली की मुलाची छाती भरते: दमा खरा की मानसिक?

ताई, इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. तीन वर्षांपूर्वी दम्याचं निदान झालं. बालरोगतज्ज्ञांनी सकाळ-संध्याकाळ स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या प्लास्टिकच्या नळकांड्यातून) घ्यायचा एक पंप दिलाय आणि धाप लागली तर घ्यायचा निळा पंप वेगळा. तरीही महिन्या-दोन महिन्यांतून एखादी रात्र जागून काढावी लागते, आणि चाचणी परीक्षा किंवा स्नेहसंमेलन जवळ आलं की हमखास छाती भरते. आजोबा म्हणतात पोरगं नाटकं करतंय. सासूबाई म्हणतात पंपाची सवय लागली. मुलाचे बाबा म्हणतात, हे सगळं मानसिक आहे. तुमचं विचारणं असं की मानसतज्ज्ञाकडे न्यावं का, आणि नेलं तर पंप कमी होईल का.

मी बालमानसतज्ज्ञ आहे आणि बरीच वर्षं बालरोगतज्ज्ञांच्या बरोबरीने दम्याच्या ओपीडीत मुलं बघते. औषध मी लिहून देत नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. शिवाय तुमच्या मुलाला मी तपासलेलं नाही. निदान स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) करून पक्कं झालंय का, घरात कुणी बिडी-सिगरेट ओढतं का, भिंतीला ओल आहे का, रात्री डासांची कॉइल लागते का, नाक सतत चोंदलेलं असतं का, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. तेवढं गृहीत धरून वाचा.

सरळ सांगायचं तर दमा खरा आहे आणि परीक्षेचा ताणही खरा आहे. ताणावर काम केलं म्हणून पंप सुटत नाही. पण तुमच्या लिहिण्यातलं एक वाक्य मला या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं वाटलं. तुम्ही ओघात लिहून गेलात, ‘आता मोठा झालाय, पंप त्याचा तोच घेतो, कधीतरी राहतो.’ माझ्या मते अडचण इथे आहे. रोजचं औषध त्याच्या छातीत नेमकं किती पोचतंय हे घरात कुणालाच माहीत नाही, आणि ते कळेपर्यंत ‘मानसिक की शारीरिक’ हा वाद घालून काही हाती लागणार नाही.

तरी त्या वादाबद्दल आधी बोलू, कारण तो तुमच्या घरात रोज चाललाय. दमा मनातून येतो ही समजूत एके काळी डॉक्टरांचीच होती. १९४०च्या सुमारास शिकागोतले मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर आणि त्यांचे सहकारी मानत की दम्याची घरघर म्हणजे आईसाठीचं दाबून ठेवलेलं रडणं. पुढे मरे पेश्किन या डॉक्टरांच्या आग्रहातून, औषधांना दाद न देणारी मुलं घरापासून तोडून अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातल्या निवासी संस्थेत ठेवली जाऊ लागली, कधी कधी दोन दोन वर्षं. पुष्कळ मुलं तिथे सुधारत. त्यावरून खापर फुटलं आईवर. पण घर सुटलं की घरातली धूळ, ओल, मांजरही सुटतं आणि संस्थेत औषध घड्याळ लावून मिळतं, याकडे कोण बघणार? १९६९ साली केनेथ पर्सेल आणि सहकाऱ्यांनी हे उलटं करून पाहिलं. मूल त्याच्याच घरी ठेवलं, सांभाळायला एक बाई ठेवली आणि बाकी कुटुंबाला दोन आठवडे बाहेर राहायला पाठवलं. ज्या मुलांच्या दम्यात भावनिक गोष्टींचा हात आहे असं आधीच नोंदलं होतं, त्यांची लक्षणं कमी झाली. बाकीच्यांत तसा फरक दिसला नाही. म्हणजे काही मुलांचा दमा ताणाने जास्त हलतो, काहींचा कमी. ‘दमा आईमुळे होतो’ हे मात्र कुठेच सिद्ध झालं नाही. तुमच्या प्रश्नात ‘माझंच काही चुकतंय का’ असं आहे, म्हणून हे एवढं सविस्तर लिहिलं.

ताणाचा परिणाम होतो हे मात्र नाकारता येत नाही. सेइजा सँडबर्ग आणि सहकाऱ्यांनी दम्याच्या मुलांचा दीड वर्ष मागोवा घेतला आणि तो अभ्यास २००० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आयुष्यात काही मोठं वाईट घडलं, जवळचं माणूस गेलं किंवा घर मोडलं, की पुढच्या काही आठवड्यांत अटॅकची शक्यता वाढलेली दिसली. पण घरात आधीपासून सतत ताण असेल तर तीच शक्यता पहिल्या पंधरवड्यातच जवळपास तिप्पट झाली. मला यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. एखादा धक्का मूल पचवतं, रोजची धुसफूस असेल तर तेच जड जातं. तुमच्या मुलाच्या पंपावरून जेवताना रोज वाद होत असतील तर तो वादसुद्धा त्याच्या दम्याचा भाग झालाय.

यामागचं शरीराचं गणित असं की दम्याच्या मुलाची श्वासनलिका आतून सुजलेली आणि चिडकी असते. रडलं, खदाखदा हसलं, घाबरून भराभर श्वास घेतला की कोरडी गार हवा त्या नळीवरून जोरात जाते आणि ती आवळते. सूज आटोक्यात असेल तर तेच रडणं-हसणं सहज निभावून जातं. परीक्षेची भीती वर्गातल्या पन्नास मुलांना असते. छाती त्याची भरते, कारण आत सूज शिल्लक आहे. म्हणून ‘परीक्षेला दम लागतो’ यावरून मी पहिला अंदाज बांधते तो रोजचं औषध कमी पडतंय असा. ते लिहिलंयच कमी की पोचतच नाही, हे त्यानंतर शोधायचं.

आता पोचण्याबद्दल. १९९६ साली डेन्व्हरमध्येच हेन्री मिल्ग्रोम आणि मानसशास्त्रज्ञ ब्रूस बेंडर यांच्या गटाने ८ ते १२ वयाच्या २४ मुलांच्या पंपांवर, प्रत्येक वापराची नोंद करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र बसवलं आणि घरी रोजची डायरीही लिहायला सांगितली. डायरीप्रमाणे स्टेरॉइडच्या, म्हणजे सूज आटोक्यात ठेवणाऱ्या रोजच्या पंपाचा वापर ९५ टक्के निघाला. यंत्राप्रमाणे ५८ टक्के. तेरा आठवड्यांत ज्या मुलांना अटॅक येऊन तोंडावाटे स्टेरॉइड द्यावं लागलं, त्यांचा खरा वापर जेमतेम १४ टक्के होता आणि ज्यांना तशी वेळ आली नाही त्यांचा ६८ टक्के. डायरी लिहिणारे सगळेच खोटं बोलत होते असं मी म्हणत नाही. सकाळच्या धांदलीत ‘घेतलास का रे?’ आणि ‘हो’ एवढंच घडतं, आणि आपल्याला तो दिल्यासारखाच आठवतो.

तुम्हाला यंत्राची गरज नाही. पंपाच्या मागे डोस मोजणारा काउंटर असेल तर आजचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. काउंटर नसेल तर औषधाच्या दुकानाची बिलं काढा. १२० डोसांचा पंप, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन पफ, म्हणजे तो तीस दिवसांत संपायलाच हवा. गुढीपाडव्याला घेतलेला पंप आषाढी एकादशीला अजून चालू असेल तर हिशोब समोरच आहे. आकडा बघताना मुलाला आरोपीसारखं उभं करू नका. ‘बघू या हं, किती जमतंय आपल्याला’ एवढाच सूर ठेवा.

दुसरी गोष्ट तंत्राची. ओपीडीत मी मुलाला म्हणते, ‘घरी घेतोस तसाच मला घेऊन दाखव.’ मग जे दिसतं ते पाहण्यासारखं असतं. मूल पंप हलवत नाही. स्पेसरचं तोंड दातांच्या पुढेच धरतं, ओठांच्या कडेने हवा निसटते. दोन पफ एकदमच स्पेसरमध्ये सोडतं, गाल फुगवून एक झटका मारतं आणि संपलं. आई शेजारून सांगते, ‘रोज अस्संच घेतो, बरोबर ना?’ औषध बहुतेक स्पेसरच्या भिंतीला आणि जिभेला लागलेलं असतं. तुमच्या मुलाच्या वयाला करायचं ते असं: पंप चांगला हलवायचा, ताठ बसायचं, तोंडातली नळी दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटायचे, एकच पफ सोडायचा, सावकाश लांब श्वास आत ओढायचा आणि दहापर्यंत मोजून धरायचा. तेवढं धरवत नसेल तर त्याच एका पफवर पाच-सहा शांत श्वास घ्यायचे. मग पुन्हा हलवून दुसरा पफ. शेवटी चूळ भरून थुंकायची. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुचकळून तसाच निथळत ठेवा, फडक्याने पुसू नका. पुसल्यावर प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटून बसतं. हे सगळं पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर करून दाखवा, कारण उपकरणागणिक पद्धत बदलते. तुमच्याकडे कॅप्सूलवालं यंत्र असेल तर श्वास सावकाश नव्हे, जोरात ओढावा लागतो.

नऊ वर्षांच्या मुलाने हे स्वतः, रोज, दोनदा, कुणी न बघता करावं ही अपेक्षा मला जास्त वाटते. तो हुशार असेल, सायकल चालवत असेल, आजीचा मोबाइलही दुरुस्त करत असेल. पण आज घेतलेल्या औषधाचा फायदा आज दिसत नाही, अशी गोष्ट या वयात नेमाने करणं अवघड असतं. रोजचा पंप म्हणजे पावसाळ्याआधी कौलं शाकारण्यासारखं काम, ऊन पडलेलं असतानाच करायचं. मुलाला मात्र पाऊस दिसल्याशिवाय कौलं आठवत नाहीत. न्यूझीलंडमध्ये ६ ते १५ वयाच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात आवाज-दिवा करून आठवण देणारं यंत्र पंपावर लावल्यावर सरासरी वापर ८४ टक्के झाला. ज्यांचं यंत्र गप्प होतं त्यांचा ३० टक्के. मुलं तिथली असोत की इथली, विसरण्यात फरक नाही. तेव्हा सध्या पंपाच्या वेळी घरातलं एक मोठं माणूस शेजारी हवं. ‘घेतलास का’ असं दुसऱ्या खोलीतून ओरडून विचारायचं नाही, शेजारी उभं राहायचं. स्वतःची जबाबदारी बारा-चौदाव्या वर्षापर्यंत हळूहळू त्याच्याकडे जाऊ द्या, आणि गेल्यावरही काउंटरवर तुमची नजर राहू द्या.

पंप कुठे ठेवता यावर खूप काही ठरतं. कपाटात, औषधांच्या डब्यात ठेवला की विसरला. दात घासायच्या ब्रशजवळ ठेवा: आधी पंप, मग ब्रश. चूळ आपोआप भरली जाते, वेगळी आठवण लागत नाही. बार्बरा फीझ यांच्या गटाने दम्याच्या मुलांची घरं अभ्यासली तेव्हा हेच दिसलं. ज्या घरात औषधाची वेळ-जागा ठरलेली होती तिथे औषध नियमित होतं, आणि जिथे ते ओझं वाटत होतं तिथे मूल आणि सांभाळणारं माणूस दोघंही जास्त त्रासलेले होते. म्हणून सकाळचा पंप तुमचा आणि रात्रीचा बाबांचा, असं वाटून घ्या. बाबा स्वतः रोज रात्री दोन मिनिटं स्पेसर धरून बसले की ‘मानसिक आहे’ हे वाक्यही बहुधा मागे पडेल. माझा तसा अनुभव आहे.

बक्षिसाचा तक्ता करायचा तर जरूर करा, पण चांदणी पंप घेतल्याबद्दल द्या. ‘महिनाभर दम लागला नाही तर क्रिकेटची बॅट’ असं कधीही कबूल करू नका. मग मूल धाप लपवायला शिकतं, आणि दम्यात लपवलेली धाप हीच सगळ्यात धोक्याची. याच कारणासाठी आजोबांना हात जोडून सांगा की ‘नाटक’ हा शब्द त्याच्यासमोर नको. चार वेळा नाटकी ठरलेलं मूल पाचव्या वेळी खरंच गुदमरत असताना गप्प बसतं. १९८५ साली रॉबर्ट स्ट्रंक यांच्या गटाने, इस्पितळातून घरी गेल्यावर दम्याने दगावलेली मुलं आणि तितकाच तीव्र दमा असून जगलेली मुलं यांची तुलना केली. दगावलेल्या मुलांमध्ये लक्षणांकडे दुर्लक्ष, उदासपणा, आणि उपचारांवरून आईवडील व डॉक्टर यांच्यातले मतभेद जास्त आढळले. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. तुमच्या मुलाचा दमा तितका तीव्र आहे असं तुमच्या लिहिण्यातून दिसत नाही. पण घरातल्या चार माणसांनी औषधाबाबत एकाच दिशेने बोलणं ही शोभेची गोष्ट नाही, एवढं त्यातून कळावं.

सासूबाईंच्या भीतीला उडवून लावू नका. ती भीती खूप घरांत आहे आणि त्यामागे नातवाची काळजीच आहे. सवय लागते का, तर नाही. रोजच्या पंपातलं औषध व्यसन लावत नाही. बंद केल्यावर त्रास परत येतो, कारण सूज परत येते. स्टेरॉइडने वाढ खुंटते का, याचं प्रामाणिक उत्तर ‘थोडी’ असं आहे. अमेरिकेत ५ ते १२ वयाच्या हजाराहून अधिक मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात, बुडेसोनाइड या स्टेरॉइडचा पंप काही वर्षं रोज घेतलेली मुलं मोठेपणी सरासरी १.२ सेंटिमीटरने बुटकी राहिली. हा फरक सुरुवातीच्या दोनेक वर्षांत पडला, पुढे वाढत गेला नाही. त्याच्या समोर ठेवा रात्री जागणं, शाळा बुडणं, आणि प्रत्येक अटॅकला तोंडावाटे घ्यावं लागणारं स्टेरॉइड. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीतलं मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट मोठ्या मापात. औषधं वेगवेगळी असल्याने ही तुलना काटेकोर नाही, पण आजीला समजायला पुरते. पंप टाळून वारंवार गोळ्या-सिरप घेत राहणं हा जास्त स्टेरॉइड घेण्याचा मार्ग आहे. डॉक्टरांकडे जाताना सासूबाईंना बरोबर न्या आणि त्यांना स्वतःच्या तोंडाने प्रश्न विचारू द्या. सुनेकडून आलेलं उत्तर आणि डॉक्टरांकडून आलेलं उत्तर यात घरोघरी फरक पडतो, हे तुम्हाला मी काय सांगावं. कोजागिरीला दम्याचं औषध घातलेली खीर किंवा दूध देतात तिथे न्यायचा त्यांचा आग्रह असेल तर त्याबद्दल डॉक्टरांना आधी विचारा, आणि त्यासाठी पंप एक दिवसही बंद ठेवायचा नाही, हे शांतपणे पण ठाम सांगा.

आता तुमचा मूळ मुद्दा. परीक्षेच्या सकाळी ‘आई, श्वास पुरत नाही’ म्हणाला, तर तो दमा की घाबरणं, हे ओळखायचं कसं? अनेकदा दोन्ही एकत्र असतं. नेदरलँड्समध्ये सायमन रीटवेल्ड आणि सहकाऱ्यांनी दम्याच्या मुलांना व्यायामानंतर घरघरीचे खोटे आवाज ऐकवले. फुप्फुसाच्या मोजमापात तसा फरक नसताना मुलांनी धाप जास्त लागल्याचं सांगितलं. मुलं खोटं बोलत नव्हती, त्यांना खरंच तसं वाटत होतं. उलट टोकाची मुलंही असतात, ज्यांची नळी बरीच आवळली तरी त्यांना जाणवतच नाही. म्हणून मुलाच्या शब्दाबरोबर एखादं माप हवं. पीक फ्लो मीटर, म्हणजे जोरात फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर पडते ते मोजणारं साधं यंत्र, फार महाग नसतो. मूल बरं असताना दोन आठवडे रोज, तीन फुंकांतला सगळ्यात मोठा आकडा लिहा. त्यातला सर्वांत चांगला आकडा त्याचा स्वतःचा. त्याच्या ८० टक्क्यांच्या वर ठीक, ५० ते ८० मध्ये सावध, ५० च्या खाली धोका. एक लक्षात ठेवा, घाबरलेलं मूल मनापासून फुंकत नाही, तेव्हा आकडा खोटाच कमी येऊ शकतो.

बाकीच्या खुणा अशा. छातीत शिट्टी वाजणं, पहाटेचा खोकला, निळ्या पंपानंतर दहा-पंधरा मिनिटांत मोकळं वाटणं हे दम्याकडे बोट दाखवतं. बोटांना-ओठांना मुंग्या, चक्कर, सारखे उसासे, ‘घशात अडकलंय’ असं सांगणं, हे भराभर श्वासाकडे किंवा घशाच्या आवळण्याकडे. आणखी एक प्रकार म्हणजे दिवसभर ठणठणीत आवाजाचा खोकला आणि झोप लागताच शून्य खोकला. तो सवयीचा खोकला असू शकतो आणि त्याला पंपाने फरक पडत नाही. पण घरी, ऐन वेळी, शंका असेल तर तो दमाच समजून डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे निळा पंप द्या. त्या पंपाने हात थरथरतात, छातीत धडधडतं, आणि घाबरलेल्या मुलाला ती धडधड आणखी घाबरवते. त्याला आधीच सांगून ठेवा की हे औषधाचं आहे, थोड्या वेळाने जाईल. शाळेत जायचं की नाही याचा निर्णय त्याच्या चेहऱ्यावर किंवा आजोबांच्या मतावर न घेता, मीटरचा आकडा आणि पंपानंतरची स्थिती यावर घ्या. आकडा चांगला असेल तर पेपरला जायचं, खिशात पंप ठेवून. आकडा वाईट असेल तर पेपर बुडाला तरी चालेल. घरी राहिलाच तर टीव्ही आणि आवडीचा खाऊ असा सण नको, आणि बोलणीही नकोत.

एक गोष्ट आवर्जून तपासा. त्याला रात्री मॉन्टेलुकास्टची गोळी किंवा सिरप चालू आहे का? बऱ्याच मुलांना सर्दी-अ‍ॅलर्जीसाठी ते लेव्होसेटिरिझिन या दुसऱ्या औषधाबरोबर दिलेलं असतं. काही मुलांत त्याने वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासपणा, क्वचित स्वतःला इजा करण्याचे विचारही येतात. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. तुमचा मुलगा ‘रात्री दचकून उठतो, अलीकडे फार चिडका झालाय’ असं तुम्ही लिहिलंय. ते औषध सुरू झाल्यानंतर हे सुरू झालं असेल तर डॉक्टरांना लगेच फोन करा. तसं नसेल तर नाकाकडे बघा. चोंदलेल्या नाकाने तोंड उघडं टाकून झोपणारं मूल रात्रभर नीट झोपत नाही, आणि दिवसा आपण त्याला हट्टी म्हणतो. नाकाच्या अ‍ॅलर्जीवर वेगळा उपचार असतो आणि तो केला की छातीलाही बरं पडतं.

मग माझ्यासारखीकडे कधी यायचं? रात्री झोपायला घाबरतो, एकट्याला खोलीत राहवत नाही, फुप्फुसं बरी असताना खेळायला जात नाही, शाळा टाळतो, हसणं कमी झालंय, यातलं काही दोन-तीन आठवडे टिकलं तर जरूर या. अशी मुलं दुर्मीळ नाहीत. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात ११ ते १७ वयाच्या मुलांच्या एका पाहणीत दम्याच्या १६ टक्के मुलांना चिंता किंवा नैराश्याचा विकार होता, दमा नसलेल्यांत ९ टक्क्यांच्या आत. मी त्याच्याबरोबर काय करेन तेही सांगते. शांत असताना नाकाने सावकाश श्वास घेऊन ओठांच्या चंबूतून लांब सोडायचा सराव. मग ज्या गोष्टींची भीती बसलीय त्यांची यादी, सगळ्यात सोपीपासून सुरुवात: आधी जिना, मग पंधरा मिनिटं क्रिकेट, मग मित्राकडे रात्री राहणं. प्रत्येक पायरीला हातात मीटर, म्हणजे ‘वाटलं तेवढं झालं नाही’ हे त्याला आकड्यात दिसतं. आजोबांना प्राणायाम शिकवायचा असेल तर संथ श्वासाचे प्रकार शिकवू देत, नातवाला नाटकी ठरवण्यापेक्षा ते कितीतरी छान. मात्र धाप लागलेली असताना जोरजोरात श्वास घ्यायचे प्रकार नकोत, आणि यातलं काहीही पंपाच्या जागी नाही.

त्या भेटीत मी तुमच्याशीही तितकंच बोलेन. रात्री दोनला उठून त्याच्या छातीला कान लावणारी आई दिवसा तिच्या चेहऱ्यावरून मुलाला सगळं सांगत असते. तुमची झोप, तुमची भीती यावर काम करणं हा त्याच्याच उपचाराचा भाग आहे.

शाळेत वर्गशिक्षिका आणि पीटीचे सर या दोघांना डॉक्टरांनी लिहिलेला एका पानाचा कागद द्या: निळा पंप कधी, किती, कुणाला फोन. पंप त्याच्या दप्तरात हवा, मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपाखाली नको. मुलं चिडवत असतील तर वर्गात एकदा स्पेसर दाखवून बाईंनी दोन मिनिटं समजावून सांगितलं की बहुतेक चिडवणं थांबतं.

तर येत्या महिन्यात क्रमाने: काउंटरचा आकडा, डॉक्टरांसमोर तंत्र, शेजारी मोठं माणूस, मॉन्टेलुकास्टची चौकशी, पीक फ्लोची वही. आणि यातल्या कशाचीही वाट न बघता इस्पितळ गाठायच्या खुणा घरातल्या प्रत्येकाला पाठ हव्यात. एक वाक्य सलग बोलता येत नाही, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात, मूल गळून जातं, किंवा निळ्या पंपाचा असर तीन-चार तासही टिकत नाही. अशा वेळी पंप देत देतच निघायचं, गाडी नसेल तर १०८ला फोन करायचा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, पंप कमी होईल का. होऊ शकतो. साधारण तीन महिने रात्रीचा खोकला नाही, निळा पंप क्वचितच लागतो आणि खेळण्यात अडथळा नाही, असं झालं की डॉक्टर रोजचा डोस एक पायरी खाली आणायचा विचार करतात. त्यासाठी सर्दी-तापाची साथ, दिवाळीचे फटाके किंवा वार्षिक परीक्षेचा महिना न निवडता निवांत काळ निवडतात. हे पाऊल डॉक्टरांनी टाकायचं, आणि ते कधी टाकायचं हे त्यांना तुमच्या वहीतल्या तीन महिन्यांच्या नोंदीवरूनच नीट ठरवता येईल. वही आजपासून सुरू करा.